नाण्याची पत : रोमच्या रौप्य देनारियसची कहाणी

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



संस्थेचे वय आपण धातूंनी आणि रत्नांनी मोजतो. पंचविसाव्या वर्षी रौप्य, पन्नासाव्या वर्षी सुवर्ण आणि साठाव्या वर्षी हीरक. आजच्या हिऱ्याच्या समारंभात मी मात्र चांदीविषयी बोलणार आहे, आणि तीही दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन लोकांच्या नाण्यातली. विषय दूरचा वाटेल. परंतु महाराष्ट्राबाहेरच्या शहरात राहून मुलांना मराठी शाळेत घालणाऱ्या प्रत्येक पालकाच्या मनात एक प्रश्न कधी ना कधी येतोच. आमच्या मुलांचे हे नाणे बाहेरच्या बाजारात चालेल का? या प्रश्नात ‘नाणे’ हा शब्द आपण सहज वापरतो. म्हणून एखादे खरेखुरे नाणे परक्या बाजारात कशामुळे चालते आणि कशामुळे चालेनासे होते, हे आज पाहू या.

नाण्यांनी आपल्या भाषेत किती शब्द पेरून ठेवले आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे नाना तऱ्हेचे रुपये चालत. सराफ ते पारखून घेई आणि झिजलेल्या किंवा परक्या टांकसाळीच्या नाण्यावर बट्टा कापी. तो बट्टा आज कुळाच्या नावाला लागतो. धातूत मिसळलेले हीण आपण माणसाच्या वागणुकीतही शोधतो आणि तिला हिणकस म्हणतो. कस सोन्याचा लागतो तसा बुद्धीचाही लागतो. नाणे खणखणीत असते, तसे उत्तरही खणखणीत असते. या सर्व शब्दांच्या मुळाशी ‘पत’ नावाची गोष्ट आहे. रोमच्या रौप्य नाण्याची पत कशी उभी राहिली, कोणी राखली आणि कोणी खाऊन टाकली, ही आजची कथा.

या नाण्याचे नाव देनारियस. त्याचा जन्म संकटात झाला. इ. स. पूर्व २१८ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल आल्प्स पर्वत ओलांडून इटलीत उतरला आणि दोन वर्षांनी कॅनीच्या रणांगणावर त्याने रोमचे प्रचंड सैन्य कापून काढले. त्यापूर्वीही रोमचे चांदीचे नाणे होते. ते ग्रीक धर्तीचे असून त्याच्या मागील बाजूस चार घोड्यांचा रथ असे. युद्धाचा खर्च वाढत गेला तसतसे या नाण्यात हीण मिसळले जाऊ लागले आणि अखेर त्याची पत गेली. अशा वेळी रोमने ते नाणे बंद केले आणि जवळजवळ शुद्ध चांदीचे, ठरावीक वजनाचे नवे नाणे पाडले. एका रोमन पौंडात, म्हणजे सुमारे सव्वातीनशे ग्रॅम चांदीत, ७२ नाणी. प्रत्येकाचे वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास. शत्रू दाराशी असताना खोटे नाणे खरे करण्याचे धैर्य या राज्याने दाखविले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ही चांदी कोठून आली? काही सिराक्यूज नगराच्या लुटीतून आली आणि काही रोमन लोकांच्या घरांतून. इतिहासकार लिव्ही सांगतो की इ. स. पूर्व २१० मध्ये कॉन्सल लायव्हिनस याने सिनेटच्या सभासदांना आवाहन केले : जनतेकडे मागण्याआधी आपण आपले सोने, चांदी आणि तांबे खजिन्यात भरू, अंगठी, मुलाच्या गळ्यातील ताईत आणि अशा मोजक्या वस्तू तेवढ्या घरी ठेवू. सभासदांनी एवढी गर्दी केली की नोंद घेणाऱ्या कारकुनांना नावे लिहून घेणे अवघड झाले. पत प्रथम अशी उभी राहिली. राज्यकर्त्यांनी आधी स्वतःची पेटी उघडली.

देनारियसच्या जन्मसालाविषयी विद्वानांत पुष्कळ काळ वाद होता. थोरल्या प्लिनीने दिलेले साल याहून अर्धशतकाहून अधिक आधीचे आहे. परंतु सिसिलीतील मॉर्गांटिना हे नगर इ. स. पूर्व २११ मध्ये उद्ध्वस्त झाले आणि त्या विध्वंसाच्या थराखाली अमेरिकन उत्खननकर्त्यांना या मालिकेतील अगदी आरंभीची नाणी मिळाली. तेव्हा मातीनेच साक्ष दिली.

‘देनारियस’ या शब्दाचा अर्थ ‘दहांचा’. तांब्याच्या दहा ‘अस’ नाण्यांचे हे एक, म्हणून त्यावर दहाचा रोमन आकडा असे. पुढे इ. स. पूर्व १४१ च्या सुमारास भाव बदलून तो सोळा अस झाला, तरी नाव ‘दहांचा’ हेच राहिले. नाव आणि मोल यांची फारकत होऊ शकते, याची ही पहिली निरुपद्रवी खूण. पुढे ती तितकी निरुपद्रवी राहिली नाही.

नाणे पाडण्याची रीत साधी होती. एक ठसा ऐरणीत बसविलेला, दुसरा कारागिराच्या हातात, मधोमध चांदीची चकती आणि वरून हातोड्याचा घाव. ठसे हाताने कोरलेले असत आणि घाव कधी तिरका बसे. म्हणून कोणतीही दोन नाणी अगदी हुबेहूब नसत, पण वजन सांभाळलेले असे. रोमची टांकसाळ कॅपिटोलिन टेकडीवर जूनो मोनेता या देवीच्या मंदिरालगत होती. त्या ‘मोनेता’वरूनच पैशासाठी ‘मनी’ आणि टांकसाळीसाठी ‘मिंट’ हे इंग्रजी शब्द आले.

चांदीमागे मात्र एक काळी बाजू होती. स्पेनमधील नव्या कार्थेजच्या खाणींत चाळीस हजार मजूर राबत आणि रोमला त्यांतून दररोज पंचवीस हजार द्राख्मा मिळत, असे पॉलिबियसने लिहून ठेवले आहे. डायोडोरसने स्पेनमधील खाणींतील गुलामांचे जे वर्णन केले आहे त्यात जगण्यापेक्षा मरण बरे वाटावे अशी स्थिती दिसते. खनिजातून चांदी वेगळी करताना शिशाचा जो धूर निघे, तो वाऱ्याबरोबर पार ग्रीनलंडपर्यंत गेला आणि तेथील हिमथरांत साठून राहिला. शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या थरांतील शिशाचे प्रमाण जवळजवळ वर्षावार मोजले. रोमच्या भरभराटीत ते वाढते आणि इ. स. १६५ च्या सुमारास आलेल्या महामारीनंतर घसरते. नाण्यांवर विजयाच्या देवता कोरलेल्या होत्या. त्या खाणींतल्या माणसांची नोंद बर्फाने ठेवली.

आता नाण्याच्या छापेकडे वळू. नाणी पाडण्याचे काम तीन तरुण अधिकाऱ्यांकडे असे. प्रारंभी सर्वच नाण्यांवर शिरस्त्राण घातलेल्या रोमा देवीचे मुख आणि मागे कॅस्टर व पॉलक्स हे अश्वारूढ जुळे बंधू असत. पुढे या तरुणांना सुचले की नाणे घरोघरी जाते, तेव्हा आपल्या पूर्वजांचे पराक्रम त्यावर का कोरू नयेत? मग नाणे बोलू लागले. मार्कस ब्रूटस हा इ. स. पूर्व ५४ च्या सुमारास असाच टांकसाळीचा अधिकारी होता. रोममधून राजेशाही हाकलणारा आपला पूर्वज आणि स्वातंत्र्यदेवता या दोन्ही गोष्टी त्याने नाण्यांवर आणल्या. दहा वर्षांनी, इ. स. पूर्व ४४ मध्ये, जूलियस सीझरचे मुख रोमच्या नाण्यावर आले. जिवंत रोमन माणसाचा चेहरा तेथे पूर्वी कधी आला नव्हता. त्याच वर्षी १५ मार्च रोजी सीझरचा वध झाला. त्यानंतर ब्रूटसने सैन्यासाठी जे प्रसिद्ध नाणे काढले, त्याच्या मागे दोन खंजीर, मध्ये मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आणि खाली त्या दिवसाचे नाव आहे. पुढच्या बाजूला कोणाचे मुख असावे? खुद्द ब्रूटसचे. जिवंत माणसाच्या मुखाची ही रीत सीझरनंतर दोन वर्षांत त्याच्या मारेकऱ्यानेही उचलली. तेव्हापासून नाण्यावरचा चेहरा ही सत्तेची निशाणी झाली.

पण सामान्य माणसाला चेहऱ्यापेक्षा चांदीची चिंता अधिक होती. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा चढवून केलेली मुलाम्याची नाणी बाजारात फिरत. इ. स. पूर्व ८५ च्या सुमारास तर, सिसेरो म्हणतो त्याप्रमाणे, नाण्यांचे मोल असे हेलकावत होते की आपल्याजवळ नेमके किती धन आहे हे कोणालाच कळेना. तेव्हा प्रीटर आणि ट्रिब्यून या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून नाण्यांविषयी हुकूमनामा तयार केला आणि दुपारनंतर सर्वांनी मिळून तो जाहीर करावयाचा असे ठरविले. त्यांपैकी मारियस ग्रातिदियानस हा गृहस्थ बैठकीतून उठला तो थेट व्यासपीठावर गेला आणि त्याने एकट्यानेच तो जाहीर करून टाकला! लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. गल्लोगल्ली त्याचे पुतळे उभे राहिले आणि त्यांच्यापुढे धूप व मेणबत्त्या जळू लागल्या. श्रेय लाटल्याबद्दल सिसेरोने त्याला दोष दिला आहे आणि तो रास्तच आहे. पण लोकांच्या आनंदाकडे पाहा. आपल्या हातातले नाणे खरे आहे एवढी खात्री मिळाली, म्हणून एका नगराने माणसाची देवासारखी पूजा केली. तीन वर्षांनी यादवी युद्धात हाच ग्रातिदियानस अत्यंत क्रूरपणे मारला गेला.

नाणी पारखणाऱ्यांचा रोममध्ये एक स्वतंत्र व्यवसाय होता. पेट्रोनियसच्या कादंबरीत एक नवश्रीमंत यजमान म्हणतो की सर्वांत अवघड धंदे दोन : वैद्याचा आणि चांदीच्या आतले तांबे ओळखणाऱ्या सराफाचा. प्लिनी त्याहून मौजेची गोष्ट सांगतो. खोट्या नाण्याचा नमुना अभ्यासासाठी इतका मोलाचा ठरे की एका खोट्या देनारियससाठी लोक अनेक खरी नाणी देत!

ऑगस्टसच्या काळापर्यंत या नाण्याचे वजन सुमारे ३.९ ग्रॅमवर स्थिरावले होते; पौंडास ८४ नाणी, आणि चांदी जवळजवळ शुद्ध. सोन्याच्या एका औरियसला २५ देनारियस मिळत. आणि आता हे नाणे साम्राज्याच्या सीमेबाहेर चालू लागले. टॅसिटस इ. स. ९८ मध्ये जर्मन टोळ्यांविषयी लिहितो की त्यांना जुनी, ओळखीची, कडेला दाते पाडलेली किंवा दोन घोड्यांचा रथ असलेली नाणी अधिक पसंत. आणि सोन्यापेक्षा चांदी, कारण किरकोळ खरेदीला ती सोयीची.

दुसरी साक्ष आपल्या बाजूच्या समुद्रातली आहे. सम्राट क्लॉडियसच्या काळात एका रोमन कंत्राटदाराचा माणूस अरबस्तानाजवळून वाऱ्याने भरकटत ताम्रपर्णीला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, पोचला. त्याच्याजवळची नाणी तेथील राजाने पाहिली. प्लिनी म्हणतो की त्या राजाला विस्मय वाटला तो एका गोष्टीचा : नाण्यांवरचे चेहरे निरनिराळे, म्हणजे ती निरनिराळ्या राजांनी पाडलेली, तरी सर्वांचे वजन सारखे! या लोकांच्या प्रामाणिकपणावर विश्वास बसून त्याने रोमला वकील पाठविले. मित्रहो, या राजाला लॅटिनचे अक्षरही वाचता येत नसावे. नाण्यावर काय लिहिले आहे हे त्याला कळण्याचे कारण नव्हते. त्याने तराजू वाचला.

आपल्या देशातही हे नाणे मोठ्या संख्येने आले. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासपुस्तिकेत भडोच बंदराच्या आयात मालात रोमन सोन्याचांदीच्या नाण्यांचा उल्लेख आहे. स्थानिक नाण्यांशी त्यांचा विनिमय करून काही नफा मिळतो, असेही त्यात म्हटले आहे. याच बंदराकडे पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून, म्हणजे आजच्या तेरहून, कापड गाड्यांवर लादून येत असे. भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी प्लिनीची तक्रार प्रसिद्धच आहे. चार सेस्टर्सचा एक देनारियस. कोइमतूरजवळील वेल्ललूर, तेलंगणातील अक्कनपल्ले अशा ठिकाणी देनारियसचे मोठे साठे मिळाले. अक्कनपल्लेच्या साठ्यात तर दीड हजारांहून अधिक नाणी होती. या भारतीय साठ्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांची नाणी विपुल, आणि नीरोच्या नंतरची अगदी थोडी. असे का झाले असावे, याचे एक उत्तर नीरोच्याच कारकिर्दीत मिळते.

इ. स. ६४ च्या जुलैत रोम जळाले. नगर पुन्हा बांधावयाचे होते आणि नीरोला स्वतःसाठी सुवर्णमहाल हवा होता. त्याच वर्षी पौंडातून ८४ ऐवजी ९६ नाणी निघू लागली आणि चांदीचे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास उतरले. ताम्रपर्णीच्या राजाने ज्या सचोटीचे कौतुक केले, तिला पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती. नाण्यांवर नीरोचे मुख मात्र अधिकच देखणे कोरलेले आहे.

लगेच काही कोसळले नाही, आणि हाच या प्रकारातला खरा धोका आहे. पिढ्यान्‌पिढ्यांनी साठविलेली पत पुष्कळ दिवस पुरते. आजोबांनी कमावलेल्या नावावर नातवाला उधार मिळत राहावे, तसे हे नाणे चालत राहिले. पुढच्या सम्राटांपैकी काहींनी कस थोडा वाढविला, काहींनी पुन्हा उतरविला. एकंदर वाट उताराचीच होती. सेप्टिमियस सेव्हेरस गादीवर आला तेव्हा त्याला सैन्य खूश ठेवावयाचे होते. त्याने सैनिकांचा पगार वाढविला आणि चांदी निम्म्यावर आणली. इ. स. २११ मध्ये, म्हणजे देनारियसच्या जन्मानंतर चार शतकांनी, हा सम्राट ब्रिटनमध्ये मरण पावला. त्याने मुलांना अखेरचा उपदेश केला तो असा सांगतात : एकोप्याने राहा, सैनिकांना श्रीमंत करा, बाकीच्यांची पर्वा करू नका. मुलांनी यातले एकोप्याचे वाक्य काही महिन्यांतच मोडले आणि थोरल्या कॅराकॅलाने धाकट्याचा खून करविला. याच कॅराकॅलाने इ. स. २१५ मध्ये नवे नाणे काढले. त्यावर सम्राटाच्या मस्तकी सूर्यकिरणांचा मुकुट आहे. ते दोन देनारियसचे म्हणून चालवावयाचे असावे, असे अभ्यासक मानतात. चांदी मात्र दीड नाण्याएवढीच. देनारियसचे नियमित पाडणे सुमारे २४० नंतर थांबले आणि त्याची जागा या मुकुटधारी नाण्याने घेतली.

पुढची तीस वर्षे गडगडण्याची आहेत. सीमेवर आक्रमणे, आत बंडे, आणि प्रत्येक नव्या सम्राटाला सैन्याला द्यावयाचे पैसे. गॅलिएनसच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे २६८ च्या सुमारास, नाण्यात शेकडा पाचही चांदी उरली नव्हती. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ थर दिलेला असे आणि तो वापरात लवकरच निघून जाई. पूर्वी जे चोरटे कारागीर करीत, ते आता टांकसाळ करीत होती. लोकांनी काय केले? जुनी खरी नाणी पुरून ठेवली आणि नवी नाणी हातावेगळी केली. इ. स. २६० चा ऑक्सिरिंकस येथील एक पपायरस ईजिप्तमध्ये मिळाला आहे. ईजिप्तचे नाणे निराळे होते, पण रोग तोच. सराफांनी सम्राटांचे नाणे घ्यावयास नकार देऊन आपल्या पेढ्या बंद केल्या आहेत, त्यांनी त्या उघडाव्यात आणि उघड खोटी नाणी सोडून बाकीची स्वीकारावीत, असा अधिकाऱ्याचा दंडाच्या धमकीसह हुकूम त्यात आहे. नाणे घेण्यासाठी हुकूम काढावा लागला, त्या दिवशी त्याची पत संपली होती.

डायोक्लिशनने शुद्ध चांदीचे नवे नाणे काढून पाहिले. इ. स. ३०१ मध्ये त्याने हजारांहून अधिक वस्तू आणि सेवांचे कमाल भाव ठरविले आणि ते मोडणाऱ्यास देहदंड सांगितला. लॅक्टँशियस हा त्याचा विरोधी लेखक; तो लिहितो की क्षुल्लक वस्तूंवरून रक्त सांडले आणि माल बाजारातून नाहीसा झाला. या भावपत्रकात सोन्याचा एक पौंड ७२ हजार देनारियसना आहे. ऑगस्टसच्या वेळी तो हजाराच्या आसपास होता. आपण शाळेत जमलो आहोत, म्हणून त्यातली एक नोंद मुद्दाम सांगतो. अक्षरओळख करून देणाऱ्या शिक्षकाला दर विद्यार्थ्यामागे महिन्याला ५० देनारियस, गणिताच्या शिक्षकाला ७५, व्याकरणाच्या शिक्षकाला २०० आणि वक्तृत्व शिकविणाऱ्याला २५०. आकडे भरघोस दिसतात. पण याच पत्रकात शेतमजुराची एका दिवसाची मजुरी, जेवण धरून, २५ देनारियस आहे. म्हणजे मुलाला महिनाभर अक्षरे गिरवून देणाऱ्या गुरुजींना मजुराची दोन दिवसांची मजुरी. नाण्याचा कस उतरला की त्याची झळ आधी कोणाला लागते, हे येथे दिसते. ज्याची मिळकत ठरावीक आकड्यात बांधलेली, त्याला. पुढे कॉन्स्टंटाइनने सोन्याचे नाणे स्थिर केले आणि ते सुमारे सातशे वर्षे टिकले. चांदीला मात्र जुने स्थान परत मिळाले नाही.

या कथेशेजारी ठेवावे असे एक उदाहरण आपल्याकडे आहे. नाशिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा १३ हजारांहून मोठा साठा मिळाला. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटविला होता. शत्रूच्या चेहऱ्यावर आपली खूण आली, पण चांदी जशीच्या तशी राहिली आणि नाणे पुन्हा बाजारात गेले. छाप बदलूनही पत राखता येते. रोममध्ये उलटे घडले : नाव टिकले, चांदी गेली.

नाव तर अजूनही टिकून आहे. गुप्तकाळातील लेखांत सोन्याच्या नाण्याला ‘दीनार’ म्हटले आहे, ते याच देनारियसवरून. अरब देशांचा दिनार त्याचाच वंशज. इंग्लंडात १९७१ पर्यंत पेनीसाठी ‘डी’ हे अक्षर लिहीत, तेही देनारियसचेच आद्याक्षर. आणि आपला ‘दाम’ हा शब्द ग्रीक द्राख्मापासून ‘द्रम्म’ होऊन आला आहे.

शेवटी त्या पालकांच्या प्रश्नाकडे येतो. एपिक्टेटस हा तत्त्वज्ञ जन्माने गुलाम होता. देनारियसचा कस उतरू लागला त्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत तो जगला. तो आपल्या शिष्यांना सराफाकडे पाहावयास सांगतो. सराफ नाणे डोळ्यांनी पाहतो, बोटांनी चाचपतो, नाकाशी धरतो, आणि अखेर ते आपटून त्याचा नाद ऐकतो. एकदा नव्हे, पुन:पुन्हा, गवयाने सूर ऐकावा तसा. पैशाच्या बाबतीत आपण इतके सावध असतो. मग मनात येणाऱ्या विचारांना न पारखताच का घेतो, असा त्याचा प्रश्न आहे.

शाळा मुलाला दोन गोष्टी देते असे मला वाटते : स्वतःच्या अंगचा कस आणि दुसऱ्याचा कस ओळखण्याची पारख. नाण्यावरची अक्षरे कोणत्या भाषेतली आहेत, यावर ते परक्या बाजारात चालणे अवलंबून नव्हते. जर्मन टोळीवाल्याने आणि ताम्रपर्णीच्या राजाने लॅटिन न समजता ते घेतले, कारण त्याचे वजन खरे होते. आपल्या मुलांवर मराठीची छाप आहे. तिची लाज नको आणि केवळ तिच्या भरवशावर राहणेही नको. गणित नीट समजले आहे का, वाचलेले स्वतःच्या शब्दांत मांडता येते का, दिलेला शब्द पाळला जातो का, हे आतले वजन असेल तर या शहरात आणि शहराबाहेरही ती चालतील. येथे बसलेले माजी विद्यार्थी त्याची साक्ष देतील.

आणि शाळेविषयी. साठ वर्षांत ज्या शिक्षकांनी ही पत कमावली, त्यांतले कित्येक आज हयात नाहीत. ती पत पुढे काही वर्षे आपोआप पुरेल. नाव तेच राहील, इमारत अधिक देखणी होईल, आणि आतला कस थोडा उतरला तरी लगेच कोणाच्या ध्यानात येणार नाही. म्हणून व्यवस्थापकांनी, शिक्षकांनी आणि पालकांनी दरवर्षी हे नाणे एकदा आपटून त्याचा नाद ऐकावा. बद्द वाटला तर तसे सांगण्याचे धैर्य ठेवावे, आणि हॅनिबल दाराशी असतानाही रोमने खरे नाणे पाडले होते हे आठवावे.